साइडवॉक गावाचा, बर्फ कुणाचा?

वकिलाचं पत्र दोनदा आलं. एकदा साध्या पोस्टाने, एकदा सर्टिफाइड मेलने. मजकूर चार-पाच ओळींचा होता. आमच्या अशील तुमच्या घरासमोरच्या साइडवॉकवर, म्हणजे फुटपाथवर, बर्फावरून घसरून जखमी झाल्या आहेत, हे पत्र तुमच्या विमा कंपनीकडे पाठवा, आणि त्या दिवसाचे फोटो, दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण, मेसेज यांतलं काहीही नष्ट करू नका. पैशाचा आकडा कुठेही नव्हता. तो नव्हता म्हणून मी जास्त घाबरलो. न्यू जर्सीत अपघाताच्या दाव्यात भरपाईची रक्कम लिहायची पद्धतच नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं.

त्या अशील म्हणजे आमच्याच रस्त्यावर थोडं पुढे राहणाऱ्या बाई. सत्तरीच्या आसपासच्या, एकट्या, रोज सकाळी कुत्र्याला फिरवणाऱ्या. येता-जाता हात करण्यापुरती ओळख. फेब्रुवारीत शनिवारी-रविवारी स्नो पडला, सोमवारी कडक ऊन आलं, रात्री पारा पुन्हा शून्याखाली गेला आणि मंगळवारी सकाळी त्या आमच्या ड्राइव्हवेच्या, म्हणजे रस्त्यावरून गाडी घराशी आणायच्या वाटेच्या, कडेला पडल्या. मी ऑफिसला निघून गेलो होतो. आई तेव्हा साताऱ्याहून आलेली होती. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना पडताना पाहिलं आणि गाऊनवर माझं जॅकेट चढवून बाहेर धावली. बायकोने ९११ला फोन केला. आईने आतून खुर्ची नेली, पांघरूण नेलं, अँब्युलन्स येईपर्यंत त्यांचा चांगला हात धरून बसली. आईला इंग्रजी फारसं येत नाही, त्यामुळे ती सगळा वेळ एकच शब्द म्हणत होती, "सॉरी, सॉरी." हा शब्द पुढे कागदोपत्री येणार होता.

बाईंचं मनगट मोडलं होतं. ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली. ही बातमी आम्हाला शेजारच्यांकडून कळली.

पत्र आल्यावर विमा कंपनीला फोन केला. होमओनर्स पॉलिसी मी घर घेताना बँकेला हवी म्हणून काढली होती आणि त्यातला फक्त हप्ता मला ठाऊक होता. आता पहिलं पान नीट वाचलं. त्यात दोन ओळी आपल्या कामाच्या असतात. एक 'पर्सनल लायबिलिटी', म्हणजे तुमच्यामुळे कुणाला इजा झाली असं ठरलं तर कंपनी किती रकमेपर्यंत भरेल. आमची होती ३ लाख डॉलर. दुसरी 'मेडिकल पेमेंट्स टु अदर्स'. ही छोटी रक्कम, आमच्याकडे ५ हजार. काही ठरावीक परिस्थितीत ती चूक कुणाची हे न बघता जखमी पाहुण्याच्या दवाखान्याच्या बिलासाठी देतात. घराला आग लागली किंवा छप्पर गळलं की आपण जो डिडक्टिबल, म्हणजे खर्चातला आपल्या खिशातला ठरावीक वाटा भरतो, तो लायबिलिटीच्या क्लेमला लागत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दावा झाला तर वकील कंपनी देते आणि त्याची फीसुद्धा कंपनीच भरते. हे कळल्यावर त्या रात्री जरा झोप लागली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा ॲडजस्टर, म्हणजे क्लेमची पाहणी करणारा माणूस आला. हातात टेप, मोबाइल आणि एक छोटी लेव्हल. त्याने साइडवॉकच्या प्रत्येक फरशीचे फोटो काढले, उतार मोजला, छपराच्या गटरची डाउनस्पाउट, म्हणजे पावसाचं पाणी खाली आणणारा पाइप, कुठे उतरते ते पाहिलं, ड्राइव्हवेच्या कडेला माझा स्नोचा ढीग कुठे असतो ते विचारलं. मला वाटलं होतं तो विचारेल, बर्फ वितळायला मीठ टाकलं होतं का? तेही विचारलं, पण शेवटी. त्याला जास्त रस पाण्यात होता. जाताना एवढंच बजावून गेला की त्या बाईंशी, त्यांच्या घरच्यांशी, कुणाशीही या अपघाताबद्दल बोलू नका.

आईला हे अजिबात पटलं नाही. ती तोवर दोनदा शिरा करून त्यांच्याकडे द्यायला निघाली होती आणि दोन्ही वेळा मी अडवलं होतं. "माणूस आपल्या दारात पडलं. कसं आहे एवढं विचारायचंही नाही?" मी कायद्याचं कारण सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमचा कायदाच वाईट." सहा महिन्यांची मुदत संपायच्या आत ती परत गेली तेव्हाही तिच्या मनात हेच होतं. विमानतळावर पहिल्यांदा त्या बाईंचाच विषय.

इकडे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला होता. बोस्टनजवळचा एक मित्र म्हणाला, तू गेलास, घरमालक सोळा आणे जबाबदार. न्यूयॉर्क शहरात क्वीन्सला राहणारे एक काका म्हणाले, घरमालकाला काही होत नाही, महापालिका बघेल. शिकागोकडची मैत्रीण म्हणाली, तू शोव्हल केलं होतंस ना, फावड्याने स्नो उपसला होतास ना, मग निर्धास्त राहा. टोरांटोच्या भाच्याने विचारलं, त्यांनी ६० दिवसांत लेखी नोटीस दिली का? गंमत म्हणजे आपापल्या जागी चौघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नैसर्गिक बर्फ आणि माणसाने साठवलेला बर्फ हा जुना फरकच काढून टाकला, म्हणजे आपल्या जागेतल्या नैसर्गिक बर्फाचीही वाजवी काळजी मालकाने घ्यायची. न्यूयॉर्क शहराने २००३ मध्ये साइडवॉकची जबाबदारी मालकांवर टाकली, पण मालक स्वतः राहत असलेल्या एक ते तीन कुटुंबांच्या घरांना त्यातून वगळलं. इलिनॉयमध्ये १९७९पासून कायदाच आहे की घरासमोरचा साइडवॉक साफ करणाऱ्या रहिवाशावर, त्याने मुद्दाम किंवा बेदरकारपणे काही केलं नसेल तर, दावा चालत नाही. ऑन्टारियोत २०२१पासून खासगी जागेवर बर्फाने पडलेल्या माणसाने ६० दिवसांत लेखी कळवावं लागतं. फक्त यातलं काहीच न्यू जर्सीला लागू नव्हतं. अमेरिकेत 'कायदा काय आहे' असं विचारायच्या आधी 'कुठल्या राज्यात' हे विचारावं लागतं, आणि ग्रुपवर ते कुणीही विचारत नाही.

न्यू जर्सीत काय, ते मला कंपनीने नेमलेल्या वकिलाने सांगितलं. पण त्याची गाठ पडायला बराच काळ जावा लागला. इथे शारीरिक इजेचा दावा दाखल करायला दोन वर्षं असतात, आणि समोरच्या वकिलाने ती जवळजवळ पुरती वापरली. मधल्या काळात पूर्ण शांतता. मला वाटू लागलं, प्रकरण विरलं. मग एका संध्याकाळी दारात समन्स घेऊन माणूस उभा. त्यावर ३५ दिवसांत उत्तर दाखल करावं लागतं, ते वकिलाने केलं.

वकील पन्नाशीचा, बोलायला कोरडा, पण समजावून सांगणारा. तो म्हणाला, "तुमच्या दारासमोर बर्फ होता का, हा या खटल्याचा प्रश्नच नाही. बर्फ होता. प्रश्न आहे तो बर्फ कुणी केला."

त्याचं म्हणणं असं. साइडवॉक सार्वजनिक. जुन्या कायद्यानुसार त्याची जबाबदारी लागून असलेल्या मालकावर नव्हती. १९८१ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानं, ऑफिसं अशा व्यापारी मालमत्तांवर ती टाकली. राहत्या घरांना मात्र जुनाच नियम ठेवला, आणि २०११ मध्ये होबोकेनमधल्या एका काँडोमिनियमच्या, म्हणजे मालकीच्या फ्लॅटांच्या इमारतीच्या खटल्यात तो पुन्हा पक्का केला. म्हणजे आकाशातून पडलेला स्नो वितळून गोठला आणि त्यावरून कुणी घसरलं, तर राहत्या घराचा मालक भरपाईला जबाबदार नाही. मी विचारलं, मग आमच्या गावाचा नियम आहे त्याचं काय? स्नो थांबल्यावर दिवसाउजेडाच्या बारा तासांत साइडवॉक साफ केला नाही तर दंड होतो. तो म्हणाला, दंड गावाला भरायचा. त्या नियमामुळे पडलेल्या माणसाला तुमच्यावर दावा करायचा हक्क मिळत नाही.

मी लगेच विचारलं, म्हणजे अजिबात शोव्हल न करणारा सुरक्षित? तो हसला. कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ हो. शोव्हल करणाराही सुरक्षितच, जोवर त्याने धोका वाढवला नाही तोवर. पण धोका वाढवला की नाही यावर वाद घालता येतो. काहीच न केलेल्या माणसाशी वाद घालायला जागा राहत नाही. मला हे आजही उफराटं वाटतं. इलिनॉयच्या विधिमंडळालाही तसंच वाटलं असणार, म्हणूनच त्यांनी शोव्हल करणाऱ्याला संरक्षण दिलं.

तर समोरच्या वकिलाला असं दाखवायचं होतं की हा बर्फ आकाशाचा नव्हता, माझा होता. त्यासाठी त्याच्याकडे दोन वाटा होत्या. पहिली डाउनस्पाउट. छपराचं पाणी पाइपमधून साइडवॉकवर सोडलं आणि ते गोठलं, तर तो माणसाने केलेला धोका, आणि मग राहत्या घराच्या मालकालाही सूट नाही. दुसरी वाट ड्राइव्हवेच्या कडेचा ढीग. मी स्नो उचलून लॉनच्या चढाच्या बाजूला टाकला, सोमवारच्या उन्हात तो वितळला, पाणी साइडवॉकवर ओघळलं, रात्री गोठलं.

डाउनस्पाउटचा मुद्दा घर घेतानाच्या इन्स्पेक्शन रिपोर्टने संपवला. घर विकत घेताना इन्स्पेक्टर गटरपासून तळघरापर्यंत सगळ्याचे फोटो काढतो. तो रिपोर्ट आपण एकदा चाळतो आणि विसरतो. माझ्या ईमेलमध्ये तो होता. त्यात समोरच्या कोपऱ्यातली डाउनस्पाउट बाजूच्या अंगणात, साइडवॉकपासून लांब, सिमेंटच्या तुकड्यावर उतरताना स्वच्छ दिसत होती. ॲडजस्टरचे फोटोही तेच दाखवत होते. समोरच्यांनी इंजिनिअर पाठवून त्या बाजूच्या अंगणाचा उतार मोजून घेतला. उतार मागच्या बाजूला होता.

ढिगाचं तसं नव्हतं. कायदा माझ्या बाजूचा होता. १९६७ साली न्यू जर्सीच्याच सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ अशाच प्रकरणात घरमालकाला सोडलं होतं. साफ केलेला स्नो बाजूला टाकणारच, तो वितळणारच, आणि वितळून गोठणं हे निसर्गाचं काम, असा त्याचा रोख. पण प्रत्येक घराच्या उताराचा प्रकार वेगळा, आणि ढीग नेमका कुठे, किती उंच, हे त्या मंगळवारचे फोटो नसल्याने तोंडी साक्षीवर आलं. शिवाय ड्राइव्हवेच्या तोंडाशी गावाचा प्लाउ, म्हणजे रस्ता साफ करणारी गाडी, जो स्नो लोटून जातो, तोही त्या ढिगात होता. किती माझा आणि किती गावाचा?

आणखी एक मुद्दा मला आधी फालतू वाटला होता. बाई नेमक्या कुठल्या फरशीवर पडल्या? कारण साइडवॉकची सूट ड्राइव्हवेला नाही. तुमच्या दारापर्यंतची पायवाट, पायऱ्या, ड्राइव्हवे ही तुमची खासगी जागा. तिथे पोस्टमन, जेवण आणून देणारा मुलगा, पाहुणे यांच्याबाबत तुमच्यावर जबाबदारी येते. आमच्याकडे साइडवॉक ड्राइव्हवेला आडवा छेदून जातो. त्या पडल्या ती जागा साइडवॉकची की ड्राइव्हवेची, यावर दोन वकिलांनी जितका वेळ घालवला तितका मी घर घेताना त्या अख्ख्या जमिनीवर घालवला नसेल. आईने खुर्ची ठेवली होती ती जागा बायकोला आठवत होती, दिव्याच्या खांबासमोर. ती साइडवॉकमध्येच येते.

मग आले लेखी प्रश्न. छापील प्रश्नावली असते, त्याची उत्तरं शपथेवर द्यायची. घरात कोण कोण होतं, शोव्हल कोणी केलं, मीठ कुठलं, कोणी पडलेल्या बाईंशी काय बोललं. मिठाबद्दल मला लिहायला आवडलं, कारण तोवर मी बरंच वाचलं होतं. साधं रॉक सॉल्ट पारा साधारण १५ फॅरनहाइटच्या (उणे ९ सेल्सिअसच्या) खाली गेला की फारसं काम करत नाही. कॅल्शियम क्लोराइड त्याच्या खूप खालपर्यंत चालतं, पण महाग. वकिलाने माझा परिच्छेद खोडून दोन ओळी ठेवल्या. "विचारलेलं नाही, ते सांगायचं नाही."

डिपॉझिशनच्या आधीही त्याने हेच बजावलं. डिपॉझिशन म्हणजे कोर्टाबाहेर शपथेवर उलटतपासणी, शेजारी स्टेनोग्राफर शब्दन् शब्द टिपत असतो. न्यायाधीश नसतो. माझी झूमवर झाली. समोरचा वकील सभ्य होता, पण एकच प्रश्न पाच बाजूंनी विचारायचा. सोमवारी रात्री झोपण्यापूर्वी बाहेर पाहिलं होतं का? मंगळवारी गाडी काढताना पाण्याचा ओघळ दिसला का? आठवत नाही तिथे 'आठवत नाही' म्हणायचं, अंदाज करायचा नाही, हे आपल्या स्वभावाला फार जड जातं. आपल्याला शाळेपासून रिकामा कागद ठेवायची भीती घातलेली असते.

मग तो सॉरीवर आला. तुमच्या आई वारंवार माफी मागत होत्या, असं आमच्या अशिलांनी सांगितलं आहे. त्या कशाबद्दल माफी मागत होत्या? मी म्हणालो, त्या बाईंना दुखत होतं म्हणून. तो म्हणाला, दुखण्याला त्या जबाबदार होत्या असं त्यांना वाटत होतं का? माझ्या वकिलाने हरकत नोंदवली. मी म्हणालो, आमच्याकडे टीव्हीवर कुणाचं घर जळताना दिसलं तरी आई 'अरे देवा' म्हणते. स्टेनोग्राफर बाई खाली मान घालून हसल्या. नंतर वकिलाने सांगितलं की आई घराची मालक नाही, त्यामुळे तिच्या सॉरीने मी कशालाही बांधला जात नाही. तेच मी स्वतः म्हणालो असतो तर ते माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडता आलं असतं. आईला फोनवर हे सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे मी बोलले ते चाललं, तू बोलला असतास तर पैसे गेले असते?" साधारण तसंच. आईची साक्ष मराठी दुभाष्यामार्फत घ्यायची असा घाट समोरच्यांनी घातला होता, तो पुढे त्यांनीच सोडला.

बाईंचीही डिपॉझिशन झाली. मी हजर नव्हतो, पण उतारा वाचायला मिळाला. त्यात त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की त्यांना बर्फ दिसला नाही, घराचा मालक वाईट नाही, आणि थेरपीला जायला त्यांना दुसऱ्यांच्या गाडीवर अवलंबून राहावं लागलं. बरीचशी बिलं मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने भरली होती. दाव्यात पैसे मिळाले तर मेडिकेअर आपला खर्च त्यातून परत घेतं, आणि वकील खर्च वजा जाता साधारण एक तृतीयांश. हरला तर वकिलाला फी नाही. मग बाईंच्या हाती किती उरणार, याचा हिशोब मी नकळत करू लागलो होतो. त्या उताऱ्यानंतर माझा त्यांच्यावरचा राग गेला. तो कुणावर काढायचा हे मात्र ठरेना.

न्यू जर्सीत असे दावे जूरीपुढे जाण्याआधी लवादाकडे पाठवतात. न्यू ब्रन्सविकच्या काउंटी कोर्टात एका अनुभवी वकिलाने दोन्ही बाजू ऐकल्या. मी अख्खी सकाळ राखून ठेवली होती, पण काम चहा पिऊन होईल इतक्यात आटोपलं. निकाल माझ्या बाजूने, भरपाई शून्य. मी बायकोला आनंदाने फोन केला. वकील म्हणाला, थांबा. हा निकाल बंधनकारक नाही. ३० दिवसांत २०० डॉलर भरून कुणालाही नव्याने खटला मागता येतो. त्यांनी तो मागितला.

त्यावर आमच्या वकिलाने अर्ज तयार केला की कायद्याने हा दावा उभाच राहत नाही, खटल्याविना निकाली काढा. १९६७चा निर्णय, २०११चा निर्णय, हवामान खात्याच्या प्रमाणित नोंदी, इन्स्पेक्शन रिपोर्ट, सगळं जोडून. मला तो अर्ज वाचून अभिमानच वाटला. आणि सुनावणीच्या आधी कंपनीने तडजोड केली.

मला कुणी विचारलं नाही. विचारायचं नसतंच. पॉलिसीतच लिहिलेलं असतं की कंपनीला योग्य वाटेल तेव्हा ती तडजोड करू शकते. मी वकिलावर चिडलो. आपण जिंकणार होतो ना? तो म्हणाला, बहुधा. पण अर्ज फेटाळला गेला असता तर तज्ज्ञ डॉक्टर, इंजिनिअर, जूरीपुढचे दिवस, यांचा खर्च तडजोडीच्या रकमेपेक्षा जास्त. आणि जूरीसमोर मोडलेल्या मनगटाची आजी. रक्कम गुप्त ठेवायची अट आहे, म्हणून लिहीत नाही. कबुलीजबाब नाही, कुणाचीही चूक मान्य नाही, असं त्या कागदावर ठळक छापलेलं होतं.

वकिलाला शेवटचा प्रश्न विचारला, आता त्यांच्याशी बोललं तर चालेल? चालेल म्हणाला, फक्त रकमेबद्दल नको.

पुढच्या खेपेला आई आली ती बेसनाचे लाडू घेऊनच. आम्ही दोघं गेलो. बाईंनी आईला लगेच ओळखलं, मिठी मारली, आणि मला विचारलं की इतकी वर्षं तुमच्याकडून कुणी डोकावलं कसं नाही. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, मलाही माझ्या वकिलाने तुमच्याशी बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी भाषांतर केलं. आईने माझ्याकडे जे पाहिलं, त्याचं भाषांतर बाईंना लागलं नाही.

विम्याचं पुढे असं झालं. नूतनीकरणाला हप्ता वाढला. दुसरीकडे चौकशी केली, तर तिथे माझ्या आधी माझा क्लेम पोचलेला. घराच्या विम्याच्या क्लेमची नोंद सगळ्या कंपन्यांना दिसते आणि ती सात वर्षांपर्यंत राहते. त्यात किती रक्कम गेली ते दिसतं. तडजोड का झाली, ते दिसत नाही. त्याच सुमारास १० लाख डॉलरची अंब्रेला पॉलिसी घेतली, म्हणजे घराच्या आणि गाडीच्या लायबिलिटीची मर्यादा संपली की वरचं भरणारा विमा. ती देण्याआधी कंपनीने गाडीच्या विम्याची लायबिलिटी वाढवायला लावली आणि घराच्या पॉलिसीची ३ लाखांची मर्यादा ५ लाखांवर न्यायला सांगितली. ढीग मी आता उताराच्या बाजूला टाकतो, म्हणजे ड्राइव्हवेच्या पलीकडे. तिथे शेजाऱ्याचं कुंपण आहे, आणि त्याचं त्यावर काही म्हणणं आहे.